आठवा पाटा

संकेश्वरच्या बायपासला, उसाच्या वजनकाट्यामागं,
दावलसाब किल्लेदारच्या शेडमध्ये
दोन जुन्या पिकअप पाठीला पाठ लावून उभ्या.
हौदे उतरवलेले, चाकं काढलेली,
बुडाखाली जांभळीचे ओंडके.
हिरवी मिशनच्या दवाखान्याची होती.
पांढरी निपाणीच्या उपाध्यांची, तंबाखूची.
अजून तिच्या सांध्यात स्क्रूड्रायव्हर घातला
की चिमूटभर भुकटी निघते
आणि शिंक येते.

नेमिनाथ उपाध्यांनी दोन्ही घेतल्यात,
पण चालू एकच करायची.
कुठली, ते आम्ही सांगायचं.

मी सुतळी ताणते, ओळंबा सोडते,
वहीत दोन रकाने आखते.
हिरवीची चॅसी मागं येता येता
आसावरून उंच उचलते, झोकात,
आणि पलीकडं हळूच उतरते.
आसाला धरायला दोन लांब हात,
पार गिअरबॉक्सपासून मागं पोचलेले,
त्यांच्यावर अंगठ्याएवढ्या जाड सळईची गुंडाळी.
शिवाय एक आडवी पट्टी,
आस डावी-उजवीकडं सरकू नये म्हणून.
किती ते भाग.
प्रत्येकाला बुश, आणि प्रत्येक बुशाचं रबर
सादळलेल्या टोस्टासारखं.

पांढरीला हे लाड नाहीत.
दोन गज, खाली कमानी,
पुढं पिन, मागं शॅकल.
ओझं कमान झेलते,
आसाला जाग्यावर कमानच धरते,
ब्रेक मारल्यावरचा पीळही तीच खाते.

दावलसाब पाटलावर बसून बिडी विझवतो.
'हिरवी रिकामी असली तर पाळणा बघ.
खरं पंधरा पोती टाक, बूड टेकतंय.
पांढरी रिकामी असली तर कंबर मोडतंय,
भरली की गप.'

'म्हणजे माणसासारखंच की, उस्ताद...'

'माणसाचं ऱ्हाऊ दे, सुगंधा. कर्ण मोज.'

कर्ण मोजले.
हिरवीचा एक कर्ण तीन सुतं जास्त.
कधीतरी डावीकडून धडकलेली.
दवाखान्याची गाडी,
तिचं दुखणं कुणी लिहून ठेवलेलं नाही.
पांढरीचे दोन्ही सारखे.
मी टेप उलटा धरून पुन्हा बघितलं. सारखेच.

मग पाटे.
दावलसाब बोट लावत गेला:
ओंदु, एरडु, मूरु...
मी पलीकडून: एक, दोन, तीन.
त्याचे एळु झाले, माझे आठ.
'तुला मोजायला येईना झालंय.'
मग मी कन्नडात मोजले, त्यानं मराठीत,
तरी त्याचे सात
आणि माझे एंटु.

तारेचा ब्रश. घासलेट. अर्धा तास.
सगळ्यात खाली, आसाला चिकटून,
गंजानं झाकलेला एक आखूड तुकडा.
फक्त माझ्या बाजूला.
हातोडीनं वाजवत गेलो.
सात पाटे वाजले, वरून खाली चढत्या सुरात.
आठवा: ठप्प.

'हे स्प्रिंगचं लोखंड न्हवं.
ही धाव हाय, बैलगाडीच्या चाकाची.
कड बघ, दगडावर झिजून गोल झालीया.
हे लवत न्हाई, परत उसळत न्हाई. मेलेलं लोखंड.'

कुणी घातला? कुठल्या रात्री,
कुठल्या घाटाच्या पायथ्याशी,
एका बाजूला कललेली, भरलेली गाडी
जॅकवर चढवून?
उपाध्ये लुनावरून आले, टोपी काढून वाकले,
बराच वेळ वाकलेलेच राहिले.
'मला काय ठाऊक? वडील कधी गाडीखाली गेले नाहीत.
ड्रायव्हर होता एक. नाव...'
नाव आठवलं नाही.
त्याऐवजी त्यांना शिंक आली.

'काढूया?' मी विचारलं.
दावलसाबनं लेव्हल ठेवली गजावर,
डोळा बारीक करून बुडबुडा बघितला.
बुडबुडा मधोमध.
दुसरी बिडी पेटवली, आणि
हिरवीकडं पाठ करून बसला.

वहीत, पांढरीच्या रकान्यात, मी लिहिलं:
उजवीकडं पाटे सात.
डावीकडं आठ. आठवा मऊ लोखंड,
लवत नाही. ठेवला.